सायकलचं चाक आणि चार मेणबत्त्या : आगमनकाळाच्या प्रकल्प नोंदी, वसई २०२५

२ नोव्हेंबर, रविवार

आज मृतांचा दिवस. मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर सगळे सिमेटरीत गेलो, बाबांच्या कबरीवर फुलं घातली, मेणबत्त्या लावल्या. बाबा जूनमध्ये गेले, त्यामुळे हा पहिलाच २ नोव्हेंबर, आई बराच वेळ तिथून हललीच नाही. रिक्षात बसल्यावर धाकट्याने विचारलं, पप्पा, मेणबत्ती मेलेल्या माणसांसाठी आणि लाईट गेल्यावरच लावतात ना? सहा वर्षांचा आहे, त्याने जे बघितलं तेच तो बोलला. पण मला ते लागलं. बाबा असताना आमच्याकडे रात्री आठला रोजरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना) व्हायची म्हणजे व्हायचीच, पाहुणे असोत नाहीतर क्रिकेटची मॅच असो. बाबा सुरुवात करायचे, आई मागून म्हणायची, आम्ही अर्धवट झोपेत का होईना पण बसायचो. जूननंतर ती बंद पडली. कोणी बंद केली असं नाही, सुरुवात करणारं माणूस राहिलं नाही आणि दुसऱ्या कोणी तोंड उघडलं नाही. आता आठ वाजता चार जण चार मोबाईलवर आणि आई तिच्या खोलीत.

ठरवलंय, या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, घरी ॲडव्हेंटचं चक्र करायचं : हिरव्या फांद्यांचं वर्तुळ, त्यावर तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, दर रविवारी एक जास्त पेटवायची. चर्चमध्ये असतं ते मुलं लांबून बघतात, ते घरात पाहिजे, रोज पेटलं पाहिजे. पहिला रविवार ३० नोव्हेंबरला येतोय, म्हणजे हातात चार आठवडे. ही वही त्यासाठीच काढली.

९ नोव्हेंबर, रविवार

थोरलीला म्हटलं तू याची माहिती काढ, अकरा वर्षांची आहे, तिला असलं शोधायला आवडतं. तिने काढलेलं इथे लिहून ठेवतो. योहान हिनरिख विखर्न नावाचे जर्मनीतले प्रोटेस्टंट पाळक, हॅम्बुर्गजवळ १८३३ मध्ये त्यांनी गरीब आणि बेवारस पोरांसाठी एक घर काढलं, राऊहेस हाऊस. डिसेंबर लागला की पोरं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी. १८३९ मध्ये त्यांनी एक लाकडी चाक घेतलं आणि त्यावर २० छोट्या लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या, रोज एक लाल पेटवायची आणि रविवारी पांढरी. पोरांनी मोजायचं आणि कळायचं किती उरले. हिरव्या फांद्या नंतर आल्या, चारच मेणबत्त्यांची पद्धत पण नंतरची, आणि आपल्या कॅथलिक चर्चमध्ये हे विसाव्या शतकात आलं, १९२५ च्या सुमारास कलोन शहरात.

थोरलीने स्वतःहून हिशेब केला. १८३९ ला १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणून २४ दिवस, ४ रविवार आणि २० इतर, बरोबर बसतं. यंदा ३० नोव्हेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत २५ दिवस होतात, म्हणजे विखर्नना यंदा २१ छोट्या लागल्या असत्या. मी तिच्या वहीकडे बघतच राहिलो, मला हे कधी सुचलं नसतं.

आणि चाक हा शब्द ऐकल्यावर मला एकदम बाबांची सायकल आठवली. मागच्या पडवीत अजून उभी आहे, पुढचं चाक सुटं करून ठेवलेलं. बाबा त्या सायकलवर पहाटे तीनला मोगऱ्याच्या पुड्या आणि भाजीची टोपली बांधून स्टेशनला जायचे, पहिल्या लोकलने दादर गाठायचे. पन्नाशीपर्यंत केलं त्यांनी ते. आईला विचारलं चाक घेऊ का. ती म्हणाली घे, गंज काढ आधी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गंज काढण्यात अख्खी सकाळ गेली. पॉलिश पेपर, रॉकेल, जुना टूथब्रश. तीन आरे तुटलेले होते ते काढून टाकले, तिथे मोकळी जागा आहे ती फांद्यांनी झाकली जाईल. टायर काढलं, रिंग आडवी ठेवली तर दोन फुटांपेक्षा थोडी मोठी भरते. चार स्टीलच्या छोट्या वाट्या रिंगला तारेने बांधल्या, आत ओली माती दाबून भरायची आणि त्यात मेणबत्ती रोवायची, म्हणजे मेण खाली गळणार नाही आणि मेणबत्ती हलणार नाही. मध्ये हबवर पाचवी वाटी, ती पांढऱ्या मेणबत्तीसाठी, नाताळच्या रात्री पेटते ती.

मेणबत्त्या घरीच ओतायच्या हा थोरलीचा हट्ट. ऑफिस सुटल्यावर काल क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीटला जाऊन एक किलो पॅराफिन, सुती वात आणि मेणात घालायचा रंग घ्यायचा होता, पण जांभळा रंग संपलेला, गुलाबी तेवढा मिळाला. बायको म्हणाली मुलांचे मेणाचे खडू वितळवून घाल.

१६ नोव्हेंबर, रविवार

खडू घालून केलेली मेणबत्ती फुकट गेली. दिसायला सुंदर झाली, वांग्यासारखा रंग, पण पेटवल्यावर पाच मिनिटांत ज्योत बारीक झाली आणि दहाव्या मिनिटाला गेली. परत पेटवली, परत तेच. खडूतला रंग मेणात विरघळत नाही, बारीक कण राहतात, ते वातीत जाऊन बसतात आणि वात मेण वर ओढू शकत नाही. मेणाचाच म्हणून मिळतो तोच रंग लागणार.

पद्धत मात्र जमली, ती लिहून ठेवतो. एक इंची पीव्हीसी पाईपचे १५ सेंटिमीटरचे तुकडे, आतून खोबरेल तेलाचा हात, खालून कणकेने बंद, वात मधोमध ताणून वर काडीला बांधलेली. मेण थेट गॅसवर अजिबात ठेवायचं नाही, मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात मेणाचं भांडं. ओतल्यावर मेण थंड होताना आक्रसतं आणि वातीभोवती खड्डा पडतो, तो तासाभराने परत मेण ओतून भरायचा. मग पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये, की ढकलली की सुटते.

२३ नोव्हेंबर, रविवार, ख्रिस्तराजाचा सण

रंग मिळाला. तीन जांभळ्या, एक गुलाबी झाली. एक जास्तीची करून तासभर जाळून बघितली, १.७ सेंटिमीटर गेली. मग हिशेब : रोज पंधरा मिनिटं धरली तर पहिली मेणबत्ती २५ दिवस जळणार म्हणजे सव्वासहा तास, दुसरी १८ दिवस म्हणजे साडेचार तास, तिसरी ११ दिवस म्हणजे पावणेतीन, चौथी फक्त ४ दिवस म्हणजे एक तास. पहिली साधारण साडेदहा सेंटिमीटर जळेल, १५ ची आहे, पुरेल. थोरली म्हणाली, म्हणजे पप्पा शेवटी त्या जिन्यासारख्या दिसतील.

पांढरीचं मेण कमी पडत होतं. आई स्वयंपाकघरात आमचा पसारा बघत उभी होती, काही न बोलता गेली आणि बोर्नव्हिटाचा जुना डबा घेऊन आली. आत मेणबत्त्यांची शकलं. बाबांची सवय होती ती, लाईट आल्यावर उरलेला तुकडा फुंकून, थंड करून डब्यात टाकायचे, एक तुकडा कधी फेकला नाही. वर्षानुवर्षांची शकलं, काहींना पार काजळी. मी वितळवून जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळली, काळ्या वाती वर राहिल्या आणि खाली स्वच्छ मेण आलं. पूर्ण पांढरं नाही झालं, किंचित पिवळट, गाईच्या तुपासारखं. पांढरी मेणबत्ती त्याचीच ओतली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हिरव्या फांद्यांसाठी सुरूच्या, किनाऱ्याला वाऱ्याने पडलेल्या असतात त्याच उचलून आणल्या. जर्मनीत फरचं झाड, इथे सुरू, आमच्याकडे ख्रिसमस ट्रीला पण तोच. केळीच्या सोपटाने रिंगला बांधल्या. सुरू वाळला की कागदासारखा पेटतो हे माहीत आहे म्हणून दर आठवड्याला ताज्या फांद्या बदलायच्या, ज्योतीपासून वीतभर लांब ठेवायच्या, पेटलेलं असताना पंखा बंद आणि एक मोठं माणूस तिथेच बसलेलं पाहिजे. बायको नर्स आहे, भाजलेली मुलं तिने बघितलीत, या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

रात्री साडेआठची वेळ ठरली. माझी विरार लोकल आठपर्यंत पोचवते आणि तिची नाईट असली तरी नऊपर्यंत घरात असते.

३० नोव्हेंबर, पहिला रविवार

चक्र हॉलमध्ये जमिनीवर, चार विटांवर ठेवलं, भोवती चटया. घरातले दिवे बंद केले. काही घरांत रीत आहे, पहिली मेणबत्ती सगळ्यात लहान मुलाने पेटवायची, तशी धाकट्याच्या हातात काडी दिली. दोनदा विझली, तिसऱ्यांदा लागली. थोरलीने आजचं वाचन वाचलं, बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रातलं, रात्र सरत आली आणि दिवस जवळ आलाय ते. मी एक प्रार्थना म्हटली, मध्ये शब्द अडकले कारण माझ्यापुढे बाबांचा आवाज येत होता. पहिली मेणबत्ती आशेची म्हणतात, यंदा तर ज्युबिली वर्षच, म्हणजे चर्चचं पवित्र वर्ष, आशेचं आहे.

धाकट्याला लगेच दुसरी पेटवायची होती. नाही म्हटल्यावर रडला. मग गुलाबी तरी. नाही. का नाही? मी म्हटलं त्यांची वेळ आली नाही. कधी येणार? पुढच्या रविवारी. तो तोंड फुगवून त्या तीन न पेटलेल्या मेणबत्त्यांकडे बघत बसला आणि मला वाटलं खरं तर आगमनकाळ हाच आहे. पेटलेली मेणबत्ती एक, अजून न पेटलेल्या तीन, आणि त्या तिघी डोळ्यांसमोर असून हात लावायचा नाही. आमच्या घरात ऑर्डर केलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते, मुलांनी वाट बघणं असं कधी केलेलंच नाही.

आई आली नाही. तिच्या खोलीचं दार उघडं होतं, पलंगावरून बघत होती. मी बोलावलं तर म्हणाली तुमचं चालू दे.

३ डिसेंबर, बुधवार

चार दिवस झाले. रोज पंधरा मिनिटं. सोमवारी बायकोला उशीर झाला, आम्ही थांबलो, नऊ दहाला पेटवली, ती उभ्याउभ्याच पाच मिनिटं थांबून ड्युटीला गेली. मुलं बसतात, पण खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांनंतर चुळबुळ चालू होते. मी मोठी मोठी प्रार्थना करणं बंद केलं. एक वचन, आज कोणासाठी मागायचं ते प्रत्येकाने एका वाक्यात, मग गप्प बसायचं. गप्प बसणं त्यांना जास्त आवडतंय याचं मला आश्चर्य वाटलं. धाकटा ज्योतीकडे बघतो आणि थोरली धाकट्याकडे.

काल धाकट्याने मागितलं, आजीचे गुडघे बरे होऊ दे म्हणजे ती खाली बसेल.

चार दिवस चक्र जमिनीवर होतं आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. आईला खाली बसता येत नाही, आणि ती ते कधीच बोलणार नाही.

७ डिसेंबर, दुसरा रविवार

डायनिंग टेबल हॉलच्या मध्यभागी ओढलं, चक्र त्यावर. रिंग टेबलाच्या कडेपर्यंत येते, ताटं आता बाजूच्या स्टूलवर. भोवती पाच खुर्च्या लावल्या. आईला बोलावलं नाही, फक्त पाचवी खुर्ची तिच्या दाराच्या बाजूला ठेवली. ती आली, बसली, पदर सावरला.

थोरलीने दुसरी पेटवली. आजचं वाचन यशयाचं अकरावं, इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल ते. इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप, त्या घराण्याचं झाड तोडून टाकल्यासारखं झालेलं, बुंधाच उरला, आणि त्यातून कोंब येणार असं संदेष्टा सांगतो. धाकट्याने विचारलं बुंधा म्हणजे काय. मी सांगायला लागलो तर आईच बोलली, जूनपासून एवढं लांब बोललेली मी ऐकली नव्हती. म्हणाली, मागे वाडीत केळ आहे ना, तिचा घड उतरवला की आजोबा ती कोयत्याने कापून टाकायचे, एक केळ एकदाच व्यायची, परत नाही. कापल्यावर बघशील तर काही राहिलं नाही असंच वाटतं, पाणी गळत असतं नुसतं. पण खाली कंद असतो, बाजूने मुनवा येतो, आजोबा मुनवे काढून दुसरीकडे लावायचे, आता तू खातोस ती केळी त्याच मुनव्याच्या मुनव्याची. मग ती थांबली. धाकटा म्हणाला मला दाखव. उद्या सकाळी, ती म्हणाली.

मी प्रवचनं पुष्कळ ऐकली, या वचनावर असं ऐकलं नव्हतं.

१० डिसेंबर, बुधवार

फांद्या बदलल्या. आईने वात कापायला सांगितली, जळालेलं टोक वाढलं की ज्योत नाचते आणि धूर येतो. तिच्याच कात्रीने रोज पेटवण्याआधी पाव इंच ठेवून कापायचं, हे काम तिने घेतलं. त्यासाठी ती साडेआठच्या आधीच येऊन बसते.

१४ डिसेंबर, तिसरा रविवार, गौदेते

आज गुलाबी. धाकटा दोन आठवडे याच दिवसासाठी थांबला होता. गौदेते हा लॅटिन शब्द, अर्थ आनंद करा, फिलिप्पैकरांस पत्रातल्या वचनावरून आलाय. चर्चमध्ये फादरांचा झगा आज गुलाबी. अर्धा रस्ता चालून झाला म्हणून जांभळ्याच्या मध्ये हा एक उजळ रंग. बायकोने पेटवली, आज तिला सुट्टी होती. नाताळच्या फराळाचे कलकल तळून झाले होते, तेलाचा वास अख्ख्या घरात, एकेक मूठ सगळ्यांना.

याकोबाच्या पत्रातलं वाचन मी वाचलं, शेतकरी जमिनीच्या मोलाच्या पिकाची कशी धीराने वाट बघतो, पहिला पाऊस आणि शेवटचा पाऊस येईपर्यंत. आणि शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू. ज्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं तो येतोय, त्यालाच शेवटी कोठडीत असा प्रश्न पडतो. आनंदाच्या रविवारी हे वाचन का ठेवलंय ते मला आज थोडं कळलं. या वर्षात मला पण रात्री उठून असं विचारावंसं वाटलंय, बाबांच्या आजारपणात तर रोज. तीन ज्योती होत्या म्हणून सगळ्यांचे चेहरे दिसत होते, पहिल्या आठवड्यात फक्त हात दिसायचे.

१७ डिसेंबर, बुधवार

आजपासून वाचनांचा रोख बदलतो. कालपर्यंत प्रभूच्या दुसऱ्या येण्यावर भर होता, आता २४ पर्यंत सरळ बेथलेहेमकडे. आजपासून २३ तारखेपर्यंत संध्याकाळच्या प्रार्थनेत सात जुन्या हाका असतात, रोज ख्रिस्ताला एका नावाने, हे ज्ञाना, हे इशायाच्या धुमाऱ्या, हे दाविदाच्या किल्ली अशा. थोरलीने सात चिठ्ठ्या केल्या, रोज एक वाचायची. गावातली पोरं नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याच्या तयारीत आहेत, लाऊडस्पीकर रात्री अकरापर्यंत, तरी आमची पंधरा मिनिटं सुटली नाहीत.

२१ डिसेंबर, चौथा रविवार

चौथी आईने पेटवली. काडी पेटीवर ओढताना तिचा हात कापत होता, धाकट्याने तिचा मनगटाजवळ हात धरला. आजची चिठ्ठी : हे उगवत्या सूर्या. थोरलीने सांगितलं आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस आहे, आणि खरंच सात वाजायच्या आत बाहेर गुडूप अंधार झाला होता. सगळ्यात मोठ्या रात्री उगवत्या सूर्याला हाक, ज्या कोणी हे ठरवलं त्याने फार विचार करून ठरवलं असणार.

चार पेटल्यावर हॉलमध्ये दिव्याची गरज नव्हती. वाचन योसेफाचं स्वप्न. ते संपलं, मी नेहमीप्रमाणे गप्प बसायची खूण केली, आणि आईने क्रूसाची खूण करून रोजरी सुरू केली. बाबांच्या चालीत, तोच हेल. आम्ही मागून म्हटलं. धाकट्याला रोजरीतली नमो मरिया अर्धीच येते, तो अर्धी म्हणत होता. पंधरा मिनिटांचं चाळीस मिनिटं झालं, कोणी उठलं नाही. मेणबत्त्यांचा हिशेब बिघडला.

२४ डिसेंबर, बुधवार, रात्री

मध्यरात्रीच्या मिस्साला निघायच्या आधी, साडेनऊला, चार पेटवल्या आणि मग मधली पांढरी, पाचही जणांनी एकेक काडी मिळून. पिवळट मेण पेटल्यावर आतून उजळलं. आई म्हणाली, डब्यातली आहे ना ही. हो म्हटलं. बाकी कोणी काही बोललं नाही. धाकट्याने बाळ येशू गव्हाणीत ठेवला, त्यालाच ठेवायचा होता.

निघताना आईने सगळ्या एकेक करून चिमटीत विझवल्या, फुंकून नाही, मेण उडतं म्हणून. थंड झाल्यावर थोरलीने पट्टी लावून मोजल्या, नोंद तिच्या अक्षरात :

पहिली २.६ सेंटिमीटर उरली. दुसरी ६. गुलाबी ९. चौथी १२. पांढरी उद्या परत लावायची आहे, ती मोजली नाही.

पहिलीचं शकल आईने बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. बाकीच्या नाताळ होईपर्यंत चाकावरच राहू दे म्हणाली.